जहाजाच्या पटावरचा सात वर्षांचा उमराव

अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांचा एक विभाग आहे. तिथं पेन न्यायला बंदी, फक्त पेन्सिल चालते. पहिल्या दिवशी दहावीच्या पेपरला जावं तशा चार पेन्सिली टोक काढून नेल्या आणि तिथल्या टेबलाशी बसले. समोर तीन खोकी होती. स्वीडनमधल्या एका उमराव घराण्यातल्या आरमार अधिकाऱ्याचे कागद. तरुणपणी तो फ्रेंच आरमारात स्वयंसेवक होऊन इथल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापर्यंत आला होता. म्हणून त्याच्या वंशजांनी हे कागद, इंग्रजी भाषांतर टाइप करून, अमेरिकेतच देऊन टाकले.

माझ्या प्रोफेसर बाईंनी काम थोडक्यात सांगितलं. जूनमध्ये प्रदर्शन आहे, या माणसाचं चरित्र एका फलकावर मावेल असं लिहून दे. मग सहज सांगावं तसं म्हणाल्या, की यंदा पीएचडीला त्या एकच विद्यार्थी घेणार आहेत आणि हा फलक बघून ठरवणार आहेत. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील मार्केट यार्डात तोलाई करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. इतिहास शिकायला अमेरिकेला चाललेय म्हटल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं होतं, आपल्याकडचा संपला का? त्या काकांना उत्तर द्यायची ही एकच संधी होती.

चरित्र मात्र सुरुवातीलाच अडलं. चर्चच्या नोंदीवरून हिशेब केला तर तो ज्या वर्षी आरमारात दाखल झाला त्या वर्षी सात वर्षांचा होत होता. जहाजाच्या पटावर, म्हणजे खलाशी आणि अधिकाऱ्यांच्या हजेरीच्या वहीत, त्याच वर्षी त्याचं वय तेरा. आधीच्या कुणा अभ्यासकानं चिठ्ठी लावून ठेवली होती, की पटावरचा मुलगा म्हणजे त्याच नावाचा थोरला भाऊ असावा, लहानपणीच वारलेला. तीन आठवडे मी त्या भावाला शोधत होते. ना जन्माची नोंद, ना मृत्यूची. आणि भाऊ मानला तरी कोडं सुटत नव्हतं. लेफ्टनंट व्हायला आधी काही वर्षांची नोकरी पटावर लागायची; मग आमचा अधिकारी इतक्या लवकर लेफ्टनंट झाला कसा?

आम्ही तिघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. नागपूरची रूममेट रोज विचारायची, तुझा सरदार बोटीत चढला का गं? मे संपत आला तेव्हा तिनं माझ्यासाठी आणि तिसरीसाठी मिळून एक केक ऑर्डर केला, कारण आम्हा दोघींचाही वाढदिवस एक जूनला. फोन ठेवून ती हसत सुटली.

"बेकरीवाली विचारतेय, जुळ्या आहेत का म्हणून. काय सांगू यार तिला? दोघींचे हेडमास्तर जुळे होते?"

तिघी पोट धरून हसलो. माझा खरा जन्म पोळ्यानंतरच्या आठवड्यातला. पहिलीत नाव घालताना तीन महिने कमी पडत होते, तेव्हा मास्तरांनी एक जून लिहिलं आणि मी शाळेत बसले. आमच्या वर्गात निम्मी मुलं एक जूनची. आणि हसता हसताच मला जहाजाचा पट आठवला. पटावर लिहिलेलं वय खरं असतं, असं मी कधीपासून मानायला लागले होते?

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधी दारात उभी होते. तिसऱ्या खोक्यात 'घरगुती' असं लिहिलेली एक जाड फाइल होती. आरमाराशी तिचा काय संबंध, म्हणून मी ती उघडलीसुद्धा नव्हती. त्यात अधिकाऱ्याच्या आईनं तिच्या भावाला, म्हणजे त्याच्या मामाला, लिहिलेली पत्रं होती, आणि तो मामा त्याच जहाजाचा कप्तान होता. पट ज्या वर्षीचा, त्याच वर्षीचं पत्र सापडलं. आईनं लिहिलं होतं, की माझ्या एकुलत्या एक मुलाचे पुढचे दोन दात पडलेत, तो दिवसभर जीभ फिरवत बसतो, मास्तरांकडे लक्ष देत नाही. तू त्याचं नाव घातलंस, फार उपकार झाले. आता त्याची नोकरी आजपासून मोजली जाईल.

मला उठून नाचावंसं वाटलं. तिथं नाचताही येत नाही, म्हणून पेन्सिल घट्ट धरून बसले. थोरला भाऊ नव्हताच! एकच मुलगा, घरात नवे दात यायची वाट बघणारा, आणि मामाच्या वहीत तेरा वर्षांचा होऊन समुद्रावर निघालेला. खरोखरचा तेरा वर्षांचा होईपर्यंत सहा वर्षांची सीनिऑरिटी त्यानं घरी बसून कमावली होती.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून विचारलं, की एवढे लोक हे कागद बघून गेले, तुला वयावर संशय कसा आला? मी पासपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि मास्तरांची गोष्ट सांगितली. सांगताना थोडी भीती वाटली, की यांना ही लबाडी वाटेल. बाईंनी पासपोर्टवरची जन्मतारीख वाचली.

"तीन महिने," त्या म्हणाल्या, "आणि याला सहा वर्षं. प्रबंधाची सुरुवात इथूनच कर. सोमवारी फॉर्म घेऊन ये, मी सही करते."

बाहेर आल्यावर कॅम्पसच्या बसची वाटसुद्धा पाहिली नाही, चालतच निघाले आणि आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. पीएचडी म्हणजे काय हे तिला पूर्वी समजावलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. ती रडली, मग वडिलांना हाक मारली, मग मास्तरांना पेढे नेऊन देते म्हणाली. उमरावाची गोष्ट तिनं सगळी ऐकून घेतली.

"पण मग मोठा झाल्यावर त्याला बोट चालवता आली का?"

आली, मी म्हटलं. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ खांद्यात गोळी लागली तरी तो डेकवरून हलला नाही. पुढं स्वतःचा ताफा मिळाला, तेव्हा दाट धुक्यात, खडकांमधून, एकही जहाज न गमावता बाहेर काढला. म्हातारपणी ॲडमिरल झाला.

"झालं तर मग," आई म्हणाली. "मामानं बरोबर केलं."