चुकलं तर काय परत येतं

धडधाकट माणूस तिसऱ्या दिवशी तापाने कसा जातो? हे मी डॉक्टरांना विचारलं, दादाच्या ऑफिसातल्या सगळ्यांना विचारलं. उत्तराऐवजी जो भेटेल तो दादाचा एखादा किस्सा सांगतो. महिनाभरात बरेच साठलेत.

दादा मैलापूरच्या एका कंपनीत पुस्तकं लिहायचा. कंपनीची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यावर ॲप्लिकेशन बनवणाऱ्या प्रोग्रामरसाठी ही पुस्तकं. "सिस्टिमकडे काय मागायचं, कसं मागायचं, आणि ती नाही म्हणाली तर काय समजायचं, ते लिहितो," असं त्याने मला सांगितलं होतं.

मी म्हणालो, "म्हणजे अर्ज लिहितोस."

"हो. साहेब तेवढा मशीन आहे."

* * *

मी आठवी नापास. टी. नगरच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करतो. तरी नवं पान झालं की दादा रविवारी मलाच ऑफिसात न्यायचा. पानावरचा नमुना प्रोग्राम मी एका बोटाने, अक्षर बघून टाइप करायचो. पदरचं काही घालायचं नाही, एवढाच नियम.

पहिल्याच दिवशी मशीन बंद पडलं. मी पळायच्या बेतात, आणि दादा खूश! पानावर एक ओळ राहून गेली होती. बाकीचे ती मनातल्या मनात घालून वाचत होते.

त्याचे तमिळ साहेब सेल्वम मला धाकट्या भावासारखं तंबी म्हणायचे. ते म्हणाले, "तंबी, तुला काही येत नाही ते आमच्या फार कामाचं आहे. शिकू नकोस."

* * *

शेजारच्या टेबलावरची रुक्मिणीअक्का तंजावरच्या मराठी घरातली. आमचं कोल्हापूरकडचं बोलणं तिला भांडणासारखं वाटायचं. दादा आपल्यावर चिडलाय असं समजून ती महिनाभर त्याला डब्यातला दहीभात देत होती.

दादाने गैरसमज दूर केला नाही. दहीभात चांगला होता.

* * *

हा किस्सा अक्कानेच सांगितलेला. डिस्क भरली तर सिस्टिम काय कळवते, असं दादाने एका प्रोग्रामरला विचारलं. तो म्हणाला, डिस्क भरतच नाही. दादाने दिवसभर बसून ती भरली. कुणालाच आपलं काम सेव्ह करता येईना. सेल्वम ओरडत आले, तेव्हा दादा सिस्टिमने कळवलेली ओळ पुस्तकात लिहीत होता.

* * *

तेराव्यानंतर मी त्याचं सामान आणायला गेलो. पुस्तकाची सीडी त्याच दिवशी छापायला जायची होती आणि दादाचं शेवटचं प्रकरण त्यातून काढायचं ठरलं होतं. नेटवर्कवरून माहिती कशी मागायची, त्याचं ते प्रकरण. सगळं लिहून झालं होतं. 'मध्येच जोडणी तुटली तर' याच्याखाली जागा कोरी होती.

मी टेबलावर हात आपटला. नको ते बोललो. सेल्वम म्हणाले, "तिथे काय येतं ते आम्हाला माहीत नाही, तंबी. अंदाजाने लिहिलेलं तुझ्या दादाला चाललं असतं का?"

मी दादाच्या खुर्चीत बसलो. त्या प्रकरणातला नमुना मी अक्षर बघून टाइप केला. प्रोग्राम चालू झाला, माहिती येऊ लागली. मी वाकलो आणि मशीनच्या मागची नेटवर्कची तार उपटली.

पडदा तसाच थांबला. बराच वेळ काही आलं नाही. अक्का उभी होती, सेल्वम उभे होते.

मग एक ओळ आली.

ती मी कोऱ्या जागेत एका बोटाने उतरवली. पदरचं काही घातलं नाही.