आठ बुश

हेमचंद्र एकोणतीस वर्षं टोकियोतल्या एकाच छोट्या कारखान्यात लेथवर उभा होता. पिंपरीत टर्नर झालेला माणूस. हिगाशी-कसाईतले मराठी शेजारी सगळे कॉम्प्युटरवाले. हाताला तेलाचा वास येणारा हा एकटाच. शुक्रवारी दोनशे चाळीस पोलादी बुश, पंपाच्या दांड्याभोवती बसणाऱ्या आखूड नळ्या, रवाना झाले की तो काम सोडून घरी बसणार होता. उजवा खांदा वर्षभर तेच सांगत होता.

सोमवारी मालक ओकुमुरा-सान यांनी त्याच्या हातात पाकीट दिलं. "हेम-सान, मुलीकडून वाचून आणा. इंग्रजी आहे."

अनघानं ते जेवताना वाचलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशाच्या सुरक्षेसाठी आदेश काढला होता. लष्करी यंत्रातल्या प्रत्येक भागाचं पोलाद कुठल्या देशात वितळलं, याचा पुरावा हवा. हेमचंद्रचे बुश ओसाकात पंपात बसत आणि ते पंप अमेरिकी जहाजांवर जात.

"बाबा, राष्ट्राध्यक्षांची सही थेट तुमच्या बुशपर्यंत आली की!"

"येऊ दे. माझ्याकडं नंबर आहेत."

ज्या पोलादी बारमधून, म्हणजे लांब दांड्यातून, बुश कापतात त्याच्या एका टोकाला नंबर ठोकलेला असतो. त्यावरून पोलाद कुठलं ते कळतं. म्हणून कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून, नंबर शेवटपर्यंत राखायचा. यावरून हेमचंद्रनं कारखान्यात प्रत्येकाला झापलं होतं.

मग त्याचा घास हातातच राहिला.

"काय झालं?"

"आठ कमी आहेत."

"दोनशे चाळीस झाले म्हणालात ना?"

"झाले. पण आठांना नंबर नाही."

सहाव्या बारला चीर निघाली होती. आठ बुशसाठी नवा बार फोडणं जिवावर आलं. टेबलाखाली वर्षानुवर्षं जपलेल्या तुकड्यांतला एक त्यानं घेतला. नंबर नसलेला. ते आठ आता बाकीच्यांत मिसळले होते. सगळे सारखेच चकचकीत. वेगळे काढायचे कसे?

मंगळवारी सकाळी त्यानं मालकांना सांगितलं.

"तुकडा त्याच मालाचा असेल," ओकुमुरा-सान म्हणाले.

"असेल."

"मग तोच नंबर लिहा. खाली सही माझी आहे."

"काम माझं आहे. असेल असं वाटतं, म्हणून नंबर कसा लिहू?"

ओकुमुरा-सान यांनी चष्मा काढून पुसला. "सगळे पुन्हा करायला किती दिवस?"

"पन्नाशीत पाच लागले असते. आता नऊ."

मालकांनी ओसाकाला फोन लावला. फोनवरच तीनदा कमरेत वाकले. पुढचा शुक्रवार मिळाला. शनिवार-रविवार सोडून बरोबर नऊ दिवस.

हेमचंद्रनं दोनशे चाळीस बुश भंगाराच्या पिंपात ओतले. मग टेबलाखालचे तुकडे काढले. चार खेपा झाल्या. एकेक तुकडा त्यानंच कधीतरी टाकवेना म्हणून ठेवला होता. चौथ्या खेपेला खांदा वर जाईना; त्यानं डाव्या हातानं तुकडे पिंपात टाकले.

परत आला तर ओकुमुरा-सान कोट काढून, कामाचा डगला चढवून करवतीपाशी उभे. सत्तर वर्षांचा माणूस. बारा वर्षांत करवतीला हात लावला नव्हता. नवा बार त्यांनी कसाबसा शिकंज्यात धरला.

"कुठल्या बाजूनं?"

"नंबर तुमच्यापासून लांब," हेमचंद्र म्हणाला. "आणि घाई करू नका."