पाठवणी नसलेलं पुस्तक

सहदेव गावडे पुस्तकं किलोवर विकतो आणि एकही वाचत नाही. हे मी चारचौघांत सांगितलं तरी त्याला राग येत नाही, उलट तो मान डोलावतो. बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला एका गल्लीच्या तोंडाशी त्याचा गाळा आहे. परदेशातल्या वाचनालयांनी काढून टाकलेली पुस्तकं गठ्ठ्यांनी येतात. तो ती फडक्याने पुसतो, लावून ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की काट्यावर टाकतो. मी रिटायर झाल्यापासून संध्याकाळी तिथे स्टूल टाकून बसतो. आमचे बाप एकाच गिरणीत होते, आम्ही एकाच चाळीत वाढलो आणि बोरीवलीतही शेजारी शेजारीच खोल्या घेतल्या. मला हाकलायची त्याची टाप नाही.

त्याची बायको सुगंधा गेली तेव्हा अक्षता, त्यांची एकुलती एक मुलगी, बालवाडीत होती. नातेवाईक म्हणाले, पोरीला गावी कणकवलीला पाठव. याने ऐकलं नाही. स्वतः भात शिजवायला शिकला, वेण्या घालायला शिकला. वेण्या वाकड्याच यायच्या. झोपताना पोरगी गोष्ट मागायची, तेव्हा गाळ्यावरची न खपणारी चित्रांची पुस्तकं घरी येऊ लागली.

त्यातलाच एक गठ्ठा स्पॅनिशमधला होता. इंग्रजी नाही म्हणून गिऱ्हाईक हात लावत नसे. सहदेवचं इंग्रजीही बेताचंच, त्यामुळे त्याला काहीच फरक पडला नाही. चित्र बघायचं आणि मालवणीत गोष्ट रचायची. एका पुस्तकात उंच टांगलेलं रंगीत मडकं पोरं काठीने फोडताना दाखवली होती. याने सांगितलं, दहीहंडी. दुसऱ्यात झेंडूची फुलं, मेलेल्या माणसांचे फोटो आणि त्यांच्यापुढे मांडलेलं जेवण होतं. याने सांगितलं, म्हाळ, आपण तुझ्या आईला पान वाढतो तसं. भिंतीपलीकडून मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, गड्याला बरोबर कळतंय की.

अक्षताचं सगळ्यात लाडकं पुस्तक मात्र एका मुलीचं होतं. गुलाबी घेरदार झगा, डोक्यावर मुकुट, देवळात पूजा, मोठा केक, नाचणारी पोरं. एका पानावर मोठी टोपी घातलेला बाप गुडघ्यावर बसून मुलीच्या पायातली साधी चप्पल काढतो आणि टाचेची चप्पल घालतो. सहदेवने बघताच ठरवलं, हे लगीन.

"नवरा कुठंय?" अक्षता विचारायची.

"मांडवात वाट बघता हा."

"दाखवला का नाही?"

"लाजता, गो."

शेवटच्या पानावर ती मुलगी घरातले कपडे घालून स्वयंपाकघरात बसलेली होती. शेजारी बनियनमधला एक टकला माणूस तिच्या ताटात काहीतरी वाढत होता. "मगे चेडू गेला घोवाच्या घराक," सहदेव सांगायचा. "ह्यो तिचो सासरो. बरो आसा." आणि अक्षता दरवेळी विचारायची, तिचे बाबा कुठे आहेत? तो म्हणायचा, ते आपल्या घरी. मग पोरगी त्याच्या बनियनला धरून झोपायची. मला ते ऐकून वाईट वाटायचं.

अक्षताचं लग्न झालं. देवदत्त साताऱ्याकडचा, मुलुंडला राहणारा, स्वभावाने गरीब. सहदेवने सगळे रीतिरिवाज काटेकोर पाळले. घरात बाई नाही म्हणून कुणी बोट दाखवू नये, ही त्याची कायमची धास्ती. त्याच धास्तीपायी त्याने आणखी एक जुनी रीत धरून ठेवली. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्याच्या आईने सांगितलं होतं, तिच्या आईने तिला. आता कोण पाळतं हे? पण हा पाळायचा. मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन मुलुंडला जायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढायचा. अक्षताने पोहे पुढे ठेवले की बशीला हात लावून नमस्कार करायचा आणि उठायचा.

वर्षं गेली, मूल झालं नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. पुढे त्या दोघांनी तो विषय बंद केला. पण सहदेवची बाटली बंद झाली नाही. त्याच्या मनात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पोरीला मात्र दरवेळी त्या बाटलीतून तेच ऐकू यायचं. एकदा तिने मला फोन केला. म्हणाली, "काका, बाबा माझ्या दारापर्यंत येतात, घरात येतच नाहीत. एकदा माझ्या हातचं जेवले असते तर बरं वाटलं असतं."

मी सहदेवला झाप झाप झापलं. "वाट लावलीस पोरीची," म्हटलं. त्याने खाली मान घातली आणि पुस्तकं पुसत राहिला. रीत मोडली आणि पोरीचं काही वाईट झालं तर, एवढंच पुटपुटला. मी चहा मागवला.

मग या पावसाळ्यानंतर गार्गी नावाची कॉलेजातली मुलगी गाळ्यावर आली. ती स्पॅनिश शिकत होती, त्या भाषेतलं सोपं काही हवं होतं. सहदेवने आतून तो जुना गठ्ठा काढला. मुलीचं पुस्तक त्याने विकायला नकार दिला, पण वाचून दाखवतेस का म्हणून हातात दिलं. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट त्याला एकदा खऱ्या शब्दांत ऐकायची होती.

ती पहिल्याच पानावर हसली. "काका, लग्न नाहीये हे. हिचा पंधरावा वाढदिवस आहे. मेक्सिकोकडे करतात ना, मुलगी मोठी झाली म्हणून. बाबा तिची लहानपणीची चप्पल काढून मोठ्या बायकांची घालतात, मग तिच्याबरोबर नाचतात."

"आणि मगे सासरी जाता," सहदेव म्हणाला.

"कुठे सासरी? कुठेच जात नाही."

त्याने शेवटचं पान उघडून त्या टकल्या माणसावर बोट ठेवलं. "मग ह्यो सासरो कोण?"

गार्गीने ओळ वाचली. "बाबा म्हणाले, केक उरलाय, खाऊन घे आणि झोप, उद्या शाळा आहे." मग म्हणाली, "बाबाच आहेत हे. टोपी काढलीय फक्त."

गार्गी दुसरी दोन पुस्तकं घेऊन गेली, त्याने ती काट्यावरसुद्धा टाकली नाहीत. मग त्या शेवटच्या पानावर बोट ठेवून मला म्हणाला, "बाळ्या, ह्या घर तिचाच होता. मीच तिका रोज सासरी पाठवलंय." त्याचे डोळे भरून आले होते. मी दुसरीकडे बघितलं.

रविवारी आम्ही दोघं बसने मुलुंडला गेलो. एकट्याला जाववत नव्हतं म्हणून मला ओढलं. अक्षताने दार उघडलं. तो चपला काढून तडक स्वयंपाकघरात गेला आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

"अक्षता, जेवूक वाढ."

ती पळीसकट तशीच उभी राहिली. आवाज ऐकून तिच्या सासूबाई आतल्या खोलीतून लगबगीने आल्या. साधी बाई, रीत त्यांनाही ठाऊक. व्याही पानावर बसलेले दिसले आणि त्यांचा चेहरा उजळला. सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, काही विशेष आहे का? मला कसं नाही सांगितलंस?"

अक्षताचा चेहरा उतरला. तिने नुसतं बापाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा उठणार.

"विशेष काय नाय," सहदेव म्हणाला. "माका भूक लागली म्हणान इलंय. लेकीचा घर हा."

मग सासूबाईंनीच पाट पुढे सरकवला. अक्षताने ताट घेतलं. भाकरी, घेवड्याची आमटी, वर दाण्याचं कूट. नारळाचा पत्ता नाही, सगळं साताऱ्याच्या हाताचं. सहदेवने घास घेतला आणि थांबला. जिचा भात त्याने स्वतः कालवून भरवला होता, तिच्या हाताची चव त्याला ओळखता येईना.

"ही आमटी कधी शिकलंस गो?"

"झाली की बरीच वर्षं," ती म्हणाली. "तुम्ही बसलातच नाही ना, बाबा."

त्याने वाटी रिकामी केली आणि पुन्हा तिच्यापुढे धरली.