‘तोंड आलं’च्या पुढची गोष्ट

ही गोष्ट मी अर्धी शंभरदा सांगितली आहे आणि अर्धी एकदाही नाही. सांगितलेली अर्धी आधी ऐका, ती हसायची आहे. दुसरीकडे जायला मला जरा वेळ लागेल — गुडघे दुखणारीला जिना चढायला लागतो तसा.

तर मूर्खपणा असा. खूप वर्षांपूर्वी आमच्या मराठी मंडळाने इथे ओमानात, रुवीतल्या एका हॉलमध्ये शुक्रवारी आरोग्य शिबिर भरवलं होतं. डॉक्टर केरळचे, तरुण. मराठी शून्य, हिंदी भाजी आणण्यापुरती. येणारी माणसं आपल्याकडची — गॅरेजात, बांधकामावर काम करणारी, ओमानी घरांतून स्वयंपाक करणाऱ्या, पोरं सांभाळणाऱ्या बायका. ज्यांना डॉक्टर गाठायचा तर अर्बाबची, म्हणजे मालकाची, परवानगी, अर्बाबची गाडी आणि अर्बाबचा मूड, तिन्ही एकाच दिवशी जुळावी लागतात, ती माणसं. त्यांचं दुखणं डॉक्टरांना इंग्रजीत सांगायला कुणीतरी हवं होतं. आणि कुणीतरी म्हणजे अर्थात मी. इंग्रजी घेऊन बीए झालेली, दादरची, खांद्यावर बिल्ला आणि अंगावर — आता लपवून काय करू — पैठणी. लोकांचं ब्लडप्रेशर मोजायच्या ठिकाणी मी पैठणी नेसून गेले होते. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही.

एक रंगारी पुढे आला. म्हणाला, “तोंड आलंय.” मी थाटात डॉक्टरांकडे वळले आणि जाहीर केलं, “हिज माउथ हॅज कम.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अगदी मनापासून विचारलं, “फ्रॉम व्हेअर?”

हॉल फुटला हो हसून. रंगारी तोंडातल्या फोडांसकट हसला. आमच्या ह्यांचे बॉस प्रमुख पाहुणे होते, गळ्यात हार तसाच — ते तर डोळे पुसत होते.

ही झाली सांगायची गोष्ट. हळदीकुंकू, डोहाळजेवण, कोजागिरी — ती सांगितल्याशिवाय मला कुणी चहा देत नाही. मी डॉक्टरांची नक्कलही करते. आणि ‘फ्रॉम व्हेअर’ला थांबते. तिथे थांबायचं मी फार मेहनतीने शिकले आहे.

परवा मात्र घोटाळा झाला. माझी नात ईरा — वादी कबीरच्या शाळेत शिकते, मराठी बोलताना पायऱ्या मोजत उतरल्यासारखी बोलते — तिला यंदाच्या शिबिरात दुभाषी म्हणून बसायचंय. मला म्हणाली, “आजी, ‘अंगावर काढणं’ म्हणजे काय? टॅटू?” मी हसले. म्हटलं, नाही गं बाई, दुखणं तसंच सोसत राहायचं, डॉक्टरकडे जायचं नाही, त्याला म्हणतात अंगावर काढणं. मग तिला तोंड आल्याची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. आणि हसून झाल्यावर तिने असं काहीतरी विचारलं जे इतक्या वर्षांत एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

“मग नेक्स्ट कोण आलं, आजी?”

कुणी नाही, मी म्हटलं. मग जेवणाची सुट्टी झाली.

पाहिलंत? या वयात, नातीशी.

नेक्स्ट कुंदा आली होती.

पन्नाशीची असेल. राजापूरकडची, सीबच्या एका ओमानी घरात कामाला. घरच्या बाईला ती ‘मामा’ म्हणायची, इथे सगळ्याच म्हणतात. मामा वाईट नव्हती. पण दुखतंय म्हटलं की पॅनाडोल द्यायची आणि ‘इन्शाल्ला’ म्हणायची. दवाखाना लांब, आणि सांगायचं कुणाला, कुठल्या भाषेत? त्या शुक्रवारी कुंदा गावच्या एकाच्या गाडीतून आली होती. रांगेत उभी राहून तिने एकच केलं होतं — दुभाषी बाई आहे का बाप्या, ते बघितलं होतं. बाई दिसली म्हणून ती थांबली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. बाई दिसली म्हणून.

ती माझ्या कानाशी वाकली. आता मी जे लिहिते आहे ते हळूहळू लिहिते आहे, कारण दोन वेळा पुसलं.

पुढे जेव्हा सगळं कळलं आणि मंडळात कुणीतरी विचारलं, “ताई, तिने तेव्हा काही सांगितलं नव्हतं का?” — तेव्हा मी काय म्हणाले ते आधी सांगते. मी म्हणाले, “काहीतरी ‘अंगावर’ म्हणाली खरी. मला वाटलं, ताप अंगावर काढला म्हणत्येय. त्यांची बोली, हॉलमध्ये गोंगाट...” सगळ्यांनी माना हलवल्या. कुणाला खोटं वाटेल? त्याच दिवशी तोंड आणणारी बाई मीच. भाषेत गोंधळणारी म्हणून माझं नाव झालंच होतं. ते नाव मी अंगावर ओढून घेतलं, थंडीत शाल घ्यावी तसं.

पण कुंदा ‘अंगावर काढलं’ म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, “ताई, अंगावरून जातंय. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता हे परत.”

आणि मला कळलं होतं. शब्दन् शब्द. मराठी बाईला हे कळत नाही? शिवाय त्याच उन्हाळ्यात माझंही असंच काहीतरी बिघडलं होतं. मी ह्यांच्या कंपनीचं कार्ड पर्समध्ये टाकून एका बाई डॉक्टरकडे गेले होते — थंडगार खोली, पडदा, पडद्यामागे अजून एक पडदा — आणि हेच सगळं तिला इंग्रजीत सांगितलं होतं. आठवड्याच्या आत तपासण्या झाल्या, काही नाही निघालं, मी घरी येऊन आंबरस केला. म्हणजे मराठी शब्द माहीत होता, इंग्रजी शब्द माहीत होता, तो ऐकून डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतात हेही माहीत होतं. अजून काय माहीत हवं होतं मला?

पण टेबलाच्या त्या बाजूला डॉक्टर, या बाजूला बॉस, मागे सगळी पुरुषांची रांग, आणि सगळेजण माझ्याच तोंडाकडे बघत होते, आता ही काय म्हणते म्हणून. आधीचं हसू अजून हॉलमध्ये होतं. पैठणी नेसलेल्या बाईने तो शब्द या सगळ्यांसमोर उच्चारायचा? दुसरी खोली मागता आली असती. डॉक्टरांना जरा बाजूला चला म्हणता आलं असतं. चिठ्ठीवर लिहिता आलं असतं. हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही असं लिहायला हात शिवशिवतोय. सुचलं होतं.

मी म्हणाले, “शी फील्स वीक. व्हेरी टायर्ड.”

इथवर असतं तरी कदाचित मी कधीतरी कुणाला तरी सांगून टाकलं असतं. पण डॉक्टर हुशार होता. त्याने तिच्या पापणीखाली पाहिलं, नखं पाहिली, आणि आवाज खाली करून मला विचारलं, “एनी ब्लीडिंग? प्लीज आस्क हर.”

आस्क हर म्हणाला. मी तिच्याकडे वळले. ती माझ्याकडे बघत होती — काय बघत होती म्हणून सांगू, आपलं काम झालं अशा नजरेनं. मी तिला विचारलं, “जेवण जातंय ना नीट?” ती म्हणाली, “नाही.”

मी डॉक्टरांकडे वळून म्हणाले, “नो.”

झालं. हे आहे ते.

त्याने लोहाच्या गोळ्या दिल्या. कुंदाने त्या नेमाने घेतल्या. का नाही घेणार? तिच्या लेखी डॉक्टरला सगळं सांगून झालं होतं आणि या गोळ्या त्यावरच्याच होत्या. जात राहिलं तरी तिला वाटलं, औषधाला वेळ लागतो. माझ्याकडे आलीच नसती तर ती गप्प राहिली असती, पण घाबरलेली तरी राहिली असती. मी तिची भीतीच काढून घेतली. महिन्यांमागून महिने ती निर्धास्त होती.

मग एक दिवस ती मामाच्या स्वयंपाकघरात कोसळली. मामाने स्वतः गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं, रडली म्हणे तिच्यासाठी. तिथे एक नर्स मलबारी हिंदीत बोलली आणि तेवढ्या हिंदीत सगळं बाहेर आलं. गर्भाशय. कॅन्सर, पसरलेला. गावी घेऊन जा, म्हणाले. गावी गेल्यावर पावसाळाही नाही काढला तिने.

आता आमच्या शिबिरात वेगळी खोली असते. पडदा असतो, बाई डॉक्टर असते, आणि बायकांचं बायकांनीच सांगायचं असा नियम आहे. ही कल्पना कुणाची? माझी. मंडळाने मला त्यासाठी शाल आणि नारळ दिला होता. मी तो घेतला. फोटोत हसते आहे. त्या खोलीतून कितीजणी वेळेवर इस्पितळात गेल्या, त्याचं मला बरं वाटायला हवं, आणि वाटतंही, मग नारळ आठवतो. अजूनही ज्यांना सुट्टी मिळत नाही त्या येतच नाहीत. त्यांच्यासाठी पडदा कुठे लावणार? बसते आपली मी खुर्चीत, दाराकडे बघत.

ईराला मी सगळे शब्द शिकवले आहेत. तोंड येणं, कळ येणं, ओटीपोट, मुरडा. अंगावरून जाणंही शिकवलं. तिने ते इंग्रजीत किती सहज म्हणून दाखवलं. लाजली नाही, थांबलीही नाही.

कुंदा गावी जाण्याआधी मी तिला भेटायला गेले होते. वादी कबीरला, गॅरेजांच्या मागे, तिच्या गावच्या कुटुंबाच्या खोलीत ती विमानाची वाट बघत होती. मी संत्री आणि एक मऊ गाऊन नेला होता. सांगायचं ठरवून गेले होते, गाडीत सगळं पाठ केलं होतं. पण बोलायला तोंड लागतं, आणि ते मी कुठून आणणार होते? मी संत्रं सोलत बसले. तिने माझा हात धरला, आणि घरातल्या माणसांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली —

“ताई, तेव्हा एवढे बापये होते, पण तुम्ही डाक्टरला माझं सगळं असं बेतानं सांगितलंत, की कुणाला काय कळलंच नाही. माझी लाज राखलीत तुम्ही.”