रंगरावसाहेब आणि उसन्या पोरांची शाळा

रंगरावसाहेबांना साठ वर्षं पूर्ण होऊन राह्यली, आणि त्यांच्या गौरव अंकात लिहायचा मान मला मिळाला! संपादक मंडळी म्हणाली, "भाषा जरा भारदस्त ठेवा." मी सांगितलं, माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी शाळेत झालेलं, भारदस्त मराठी मला जमत न्हाई. जसं बोलतो तसंच लिहीन. रंगरावसाहेबांबद्दल बोलायला लागलो की मी थांबत न्हाई, हे जालन्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

साहेबांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या जालन्याच्या कचेरीत झाली. ते तालुक्याच्या शाळांचे नायब मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. मी त्यांचा नवाकोरा मदतनीस. तालीम खात्याची, म्हणजे शिक्षण खात्याची, सगळी रचना मी हैदराबादेतच पाठ करून आल्तो. मला तिचं भारी कौतुक! केवढं मोठं यंत्र, आणि एकेक चाक कसं बराबर जागेवर! साहेबांनी विचारायच्या आधीच मी म्हणून दाखवलं: हैदराबादला नाझिमसाहेब, सगळ्यांच्या वर. त्यांच्याखाली औरंगाबादला सुभ्याचे सदर मोहतमीम. त्यांच्याखाली जिल्ह्याचे मोहतमीम. मंग तालुक्याला नायब मोहतमीम, म्हणजे आपण. आणि शेवटी गावचा मुदर्रिस, म्हणजे मास्तर.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. पगडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शाब्बास. आता सांगा, वावटळ आली आन शाळेचं छप्पर उडालं. काय होईल?"

मी म्हणालो, "मास्तर आपल्याला कळवतील, आपण मोहतमीमसाहेबांना, ते सदर मोहतमीमसाहेबांना. मंजुरी आली की त्याच वाटेनं खाली येईल."

"बराबर. तवर पोरं कुठं बसतील?"

मी मनातल्या मनात पाठ केलेली रचना पुन्हा चाळायला लागलो.

"मारुतीच्या देवळात. न्हाई तर मशिदीच्या ओट्यावर. त्यासाठी पुजाऱ्याला इचारावं लागतं, मुल्लाजींना इचारावं लागतं. हे दोघं तुमच्या त्या उतरंडीत कुठं बसतात?"

मी बिलकुल गडबडलो. साहेब हसले, आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्या दिवशी मला कळलं, की साहेब कायदा बी जाणतात आणि गाव बी जाणतात, आणि दोघांमधली वाट पायाखाली घालतात.

मंग दौरे सुरू झाले. एका टांग्यात आम्ही दोघं, मागं कागदांची पेटी. माझी उर्दू कच्ची होती आणि खात्याचं सगळं काम उर्दूत. साहेबांनी पहिल्याच दौऱ्यात करार केला: "तुम्ही मला इंग्रजी उसनी द्या, मी तुम्हाला उर्दू देतो." भोकरदनच्या रस्त्यावर मी 'अलिफ'चा उच्चार घोटायचो आणि साहेब घोड्यावर इंग्रजी चालवून बघायचे. चढ आला की म्हणायचे, "प्लीज गो! प्लीज गो!" घोडं ढिम्म. टांगेवाले करीमभाई मागं न बघता बोलायचे, "साहेब, उसको क्या अंग्रेजी! वो तो पैली जमात भी पास न्हाई." साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. आज मी उर्दूत अर्ज लिहितो तो त्या टांग्यातल्या शिकवणीमुळं. आपल्या हाताखालच्याला शिकवताना त्याला लाज वाटू न देणं ही साहेबांची खास कला. मला उर्दू येत न्हाई हे त्यांनी कचेरीत कधी कुणाला कळू दिलं न्हाई.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला हट्टानं बसलो, ती चिंचवाडीची. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार न्हाई!

हसनाबादच्या अलीकडे नदीच्या दोन काठांना दोन छोटी गावं आहेत. इकडच्या काठाला खडकवाडी, पलीकडच्या काठाला चिंचवाडी. दोन्हीकडे एकेक मास्तर, एकेक शाळा. त्या वर्षी सुभ्यावरून हुकूम निघाला, की ज्या शाळेत तपासणीच्या दिवशी पोरं कमी दिसतील ती बंद करून मास्तराची दुसरीकडे बदली करायची. आणि तपासणीला खुद्द सदर मोहतमीमसाहेब औरंगाबादहून आले. मोठे विद्वान, बोलायला अदबशीर, पण कायद्याला कडक. त्यांना मराठी येत न्हाई, म्हणून पोरांशी बोलताना दुभाषी रंगरावसाहेब.

पहिल्या दिवशी खडकवाडी झाली. शाळा गच्च भरलेली. ठकू नावाची एक आठ-नऊ वर्षांची पोरगी, दोन वेण्या, डोळ्यांत काजळ, तिनं पावकीचा पाढा असा म्हणून दाखवला की सदरसाहेब खूश! त्यांनी स्वतः तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून चिंचवाडी. तिथं बी शाळा गच्च! दारात नामदेव मास्तर घामाघूम उभे, शेजारी गावचे सखाराम पाटील. सदरसाहेब मान डोलावून म्हणाले, "माशाल्लाह, रौनक है." मी बी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. आणि मंग माझी नजर दुसऱ्या रांगेत गेली. दोन वेण्या. काजळ.

मी रंगरावसाहेबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याही आधी ओळखलं होतं. ओठ घट्ट मिटलेले.

सदरसाहेबांनी नेमकं तिच्याकडेच बोट केलं. आदल्या दिवशी शंभर तोंडं बघितलेली, त्यांच्या ध्यानात काही आलं न्हाई. "इस बच्ची का नाम पूछिए."

रंगरावसाहेब वाकून म्हणाले, "बाळ, तुझं नाव काय?"

ठकूनं नामदेव मास्तरांकडे बघितलं, पाटलांकडे बघितलं, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कालचं सांगू का आजचं?"

मागून कुणी तरी फिस्सकन हसलं. नामदेव मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"क्या बोली?" सदरसाहेबांनी विचारलं.

वाचकहो, त्या घडीला त्या खोलीत मराठी न कळणारं माणूस एकच होतं, आणि त्यांच्या कानापर्यंत जायची वाट एकाच माणसाच्या तोंडातून होती. साहेबांनी "सोनाबाई" असं कुठलं बी नाव सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. शाळा वाचली असती, मास्तर वाचले असते. पाटलांनी हात जोडले होते. सगळं गाव साहेबांच्या तोंडाकडे बघून राह्यलं होतं.

साहेबांनी शब्दाला शब्द सांगितलं. "हुजूर, पूछती है, कल का नाम बताऊँ या आज का?"

सदरसाहेबांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला, की राग परवडला असता. "यानी ये खडकवाडी के बच्चे हैं?"

पाटील पुढं आले. "सरकार, पहाटे बैलगाड्या पाठवून आम्हीच आणली. पेरणीला बैल उसना देतो घेतो, लग्नाला भांडी उसनी घेतो. शेजारच्या गावानं शाळेला पोरं उसनी दिली, त्यात आमाला वावगं वाटलं न्हाई."

रंगरावसाहेबांनी हे बी जसंच्या तसं उर्दूत सांगितलं, आणि मंग पाटलांकडे वळून म्हणाले, "भांडी बोलत न्हाईत, पाटील. पोरं बोलतात. त्यासाठीच तर शाळा काढली."

सदरसाहेब उठले. "मदरसा बंद." म्हणजे शाळाच बंद.

नामदेव मास्तर हजेरीचं बुक गुंडाळायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं. आणि आता साहेबांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार न्हाई! ते सदरसाहेबांच्या वाटेत उभे राह्यले, अगदी अदबीनं. उर्दूत म्हणाले (त्यांचं उर्दू मी इथं मराठीत सांगतो), "हुजूर, बंद करायचा अख्तियार आपला. पण तपासणी अजून झाली न्हाई. आपण उसनी पोरं बघितली. ह्या शाळेची स्वतःची पोरं बघायची बाकी हायेत."

"कहाँ हैं वो?"

"कामावर."

चिंचवाडी निम्मी धनगरांची. खरीप निघालं, की मेंढरं घेऊन घरंच्या घरं रानात जातात. शेतकऱ्यांच्या वावरात कळप बसवतात, वावराला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. पोरं बी संगं. आणि आमच्या तपासण्या नेमक्या ह्याच दिवसांत!

करीमभाईंनी टांगा नदीकाठच्या रानात घातला. मेंढरांच्या वाड्याजवळ आलो तशी कुत्री अंगावर धावली. मी पेटीवर चढलो. रंगरावसाहेबांनी जिभेनं एक विचित्र आवाज काढला, आणि काय सांगू, कुत्री शेपट्या हलवायला लागली! मंग साहेबांनी कोट काढला, एका म्हाताऱ्यानं अंथरलेल्या घोंगडीवर मांडी घातली आणि सदरसाहेबांना शेजारी जागा करून दिली.

पोरं गोळा झाली. पिशव्यांतून पाट्या निघाल्या, काही फुटक्या, काहींवर पोरांनी स्वतःच गिरवलेलं शुद्धलेखन. एका पोरानं अडखळत अडखळत धडा वाचला. अडला तिथं बाकीची ओरडून सांगायची. सदरसाहेबांनी गणित घातलं: कळपात वीस मेंढरं, लांडग्यानं तीन नेली, राह्यली किती?

एक शेंबडं पोरगं म्हणालं, "वीस."

"कसं रे?" साहेबांनी विचारलं.

"माझं कुत्रं हाय ना! लांडगा न्येतोच कसा?"

हे उर्दूत ऐकल्यावर सदरसाहेब पहिल्यांदा हसले. मंग गंभीर होऊन म्हणाले, "रंगराव, पढ़ते तो हैं. लेकिन हाज़िरी?"

साहेब म्हणाले, "हुजूर, मी अशाच वाड्यावर वाढलो, तिकडं वडीगोद्रीच्या शिवारात. माझ्या लहानपणी कुणी ह्या दिवसांत तपासणीला आलं असतं, तर मी बी गैरहाजरच निघालो असतो."

आम्ही इतके दिवस एका टांग्यात बसलो, मला हे ठाऊक नव्हतं. सदरसाहेबांनी साहेबांच्या अंगाखालच्या घोंगडीकडे बघितलं, मंग त्यांच्या तोंडाकडे.

"तजवीज़ क्या है?"

आणि तिथंच, घोंगडीवर, साहेबांनी तोडगा मांडला. कायद्यात लांब सुट्टीचे दिवस ठरलेले आहेत, पण ते कापसा-जवारीच्या गावांकडे बघून; मेंढरांचं गाव ते लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलं न्हाई. सुट्टीचे दिवस बदलायची शिफारस नायब मोहतमीम करू शकतात, जिल्ह्याचे मोहतमीम ती वर पाठवतात, आणि सुभ्यापुरती मंजुरी सदर मोहतमीमच देतात. "सगळ्या पायऱ्या आज एकाच घोंगडीवर येऊ शकतात हुजूर, मधली एक सोडली तर. ती मी उद्या चढून येतो." दुसरी गोष्ट: चिंचवाडीनं खडकवाडीची पोरं उसनी घेतली, तर ते उसनं फेडावं लागेल. खडकवाडीचे मास्तर आजारी पडले, रजेवर गेले, की नामदेव मास्तरांनी नदी ओलांडून त्यांचे वर्ग घ्यायचे, आणि त्यांनी ह्यांचे. आजवर मास्तर रजेवर गेला, की शाळेला कुलूप लागायचं. आता लागणार न्हाई.

सदरसाहेबांनी एका पोराची पाटी हातात घेऊन बघितली. "एक साल," ते म्हणाले. "सिर्फ़ एक साल देखूँगा."

परतताना नामदेव मास्तर टांग्यामागं धावत आले. साहेब म्हणाले, "मास्तर, पुन्हा खोटं करायला जाऊ नका. तुम्हाला जमत न्हाई. पोरीकडून नाव तरी धड पाठ करून घ्यायचं!" मास्तर रडता रडता हसले. आणि साहेब दुसऱ्या दिवशी खरंच जिल्ह्याची ती मधली पायरी चढून आले, मोहतमीमसाहेबांच्या कचेरीत सकाळपासून बसून.

पुढल्या वर्षी, मेंढरं गावात परतल्यावर, सदरसाहेब शब्दाला जागून आले. चिंचवाडीची शाळा भरलेली, सगळी पोरं तिथलीच. नामदेव मास्तर पलीकडे होते, खडकवाडीच्या मास्तरांना ताप आल्ता म्हणून; चिंचवाडीत मोठी पोरं धाकट्यांना पाढे घोकवून राह्यली होती. आम्ही नदी ओलांडून गेलो, तर पुढच्या रांगेत ठकू. सदरसाहेबांनी आता मराठीत, शिकून आल्यासारखं विचारलं, "बाळ, नाव काय?"

"आज बी ठकूच!"

शाळा राह्यली. पुढं आसपासच्या छोट्या गावांनी बी आपापल्या शाळांच्या जोड्या लावून घेतल्या. साहेबांनी कायदा मोडला न्हाई, ते खोटं बोलले न्हाईत, आणि तरी एक मास्तर, एक गाव उघड्यावर पडू दिलं न्हाई. मोठ्या यंत्रात माणूस असला म्हणजे काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि त्या यंत्राचं माझं कौतुक दुप्पट झालं!

साहेब पेन्शनीत गेले, तरी तपासणी सुटली न्हाई. सकाळी काठी घेऊन निघतात, वाटेत शाळा लागली की मागच्या रांगेत जाऊन बसतात.

त्यांच्या साठीचा समारंभ कुठं करायचा, यावरून दोन्ही गावांत भांडण लागलं. खडकवाडी म्हणाली, पोरं आमची होती. चिंचवाडी म्हणाली, शाळा आमची होती. शेवटी नदीच्या पात्रात, वाळूवर मांडव घालायचं ठरलं. त्या बैठकीत सखाराम पाटलांनी, आता पार थकलेत ते, जे सांगितलं त्याहून चांगली शुभेच्छा मला सुचत न्हाई, म्हणून तीच इथं लिहितो:

"साहेबांना देव आयुष्य देईलच. कमी पडलं, तर दोन्ही गावांतल्या हरेक माणसानं आपल्यातलं थोडं थोडं उसनं द्यावं. आन ते परत मागायचं न्हाई."

पाटील, माझं बी त्यात धरा.