लालीबाईचं रोजचं एक वाक्य

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात एकच बाई ओरडत नसे. गोणपाटावर वांगी, गवार आणि हिरव्या मिरच्या मांडून ती पदर नाकापर्यंत ओढून बसायची. माल चांगला ताजा असायचा, पण शेजारचे घसा फोडून कालचा माल खपवायचे आणि हिची वांगी उन्हात सुकायची. मी तिच्याकडेच घ्यायचे, कारण तिथं धक्के बसत नसत. भाव विचारला की ती बोटं दाखवायची.

माझं सारं आयुष्य नाटकमंडळीत गेलं. पांढरकवड्यापासून उमरखेडपर्यंत आम्ही तंबूत खेळ केले, शाळांच्या ओट्यांवर केले, जिनिंग गिरणीच्या आवारात सरकीचा ढीग मागं ठेवून केले. दिवाळीनंतर कापूस विकला की गावंच्या गावं गाड्या जुंपून नाटकाला यायची. कर्णा असला तर ठीक, नाही तर पोटातून आवाज काढायचा आणि शेवटच्या रांगेत, गाडीच्या धुरीवर बसलेल्या म्हातारीच्या कानापर्यंत पोचवायचा. मग कापसाचे दिवस फिरले. हाती आलेलं पीक विकून बियाण्याचाही खर्च निघेना, तिथं नाटकाला कोण येणार? मंडळी मोडली. मी दारव्ह्यात दोन खोल्या घेऊन राहिले. आवाज शिल्लक होता, ऐकणारं कुणी नव्हतं. म्हणूनच असेल, ही न बोलणारी बाई माझ्या नजरेत भरली.

एका बाजाराला मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसकण मारली आणि वांग्यांच्या नावानं एक ललकारी दिली. अख्खी ओळ वळून पाहू लागली. घटकाभरात टोपली रिकामी झाली. पदराआडून ती हसली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"बाई, तुमी तं नाटकातल्यावानी बोंबलता."

मी म्हटलं, "नाटकातलीच आहे मी."

अशी लालीबाई मला भेटली.

तिचा तांडा दारव्ह्याच्या पलीकडं, टेकडीच्या उतारावर. तिचे आजेसासरे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून न्यायचे, आताची पिढी कोरडवाहू कापूस लावायची, आणि दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जायचा. त्या वर्षी विहिरीला पाणी टिकलं म्हणून लालीबाई आणि तिचा नवरा इंद्रजीत मागं थांबले होते. कापसात दम उरला नव्हता, म्हणून वाफाभर भाजी लावली होती. पुष्पा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती त्या वर्षी सातवीत होती आणि तांड्याजवळची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दारव्ह्याला. एसटी फाट्यावरून वळायची आणि फाट्यापासून तांड्यापर्यंत नाला आणि दाट झुडपं. एकट्यादुकट्या पोरीला त्या वाटेनं कुणी पाठवत नसे. बस वर तांड्यापर्यंत आली तर पुष्पा आजीजवळ राहून आठवीत जाणार होती. नाही आली, तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊस तोडायला.

कापसामुळं त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात सरकारी गाड्यांची वर्दळ फार होती. कोण पाहणीला यायचं, कोण विचारपूस करायला. अशातच कळलं, की त्या भागात एसटीची एक फेरी वाढवायची आहे, आणि ती कुठं न्यायची हे ठरवायला साहेब एक मेच्या ग्रामसभेला येणार, आणि ते बायांच्या तोंडून ऐकणार. तांड्यातल्या बचत गटाची अध्यक्ष लालीबाई होती. तिचं कुणाशी भांडण नाही, म्हणून बायांनी तिला निवडलं होतं. तोंडच उघडत नसेल तर भांडण होईल कुठून?

ती सरळ माझ्या दारात आली. पायरीवर बसली आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "बाई, मले बोलाले शिकवा."

भाषण शिकवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. आमच्या मंडळीत नवी पोरगी आली की तिला पहिल्या दिवशी संवाद देत नसत. रोज सकाळी एक वाक्य द्यायचे. एकच. मोकळ्या जागी उभं राहून, मान वर करून, ते वाक्य शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दुसरं. सर्दी असो, भांडण झालेलं असो, खेळ पडलेला असो, वाक्य चुकवायचं नाही. मोठ्या आवाजाच्या बाया मी पुष्कळ पाहिल्या. टिकल्या त्या रोजच्या वाक्यावाल्या. आणखी एक नियम आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकवलेला: काही झालं तरी लोकांकडं पाठ करायची नाही. तोही मी तिला सांगितला.

लालीबाई पहाटे बकऱ्या सोडायला टेकडीवर जायची. तिथं तिनं सुरुवात केली. पहिलं वाक्य तिचं स्वतःचं नाव. आता हे आपल्याला सोपं वाटतं. पण पुरं नाव सांगायचं म्हणजे नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि ते तिनं जन्मात घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी बकऱ्यांसमोर 'लालीबाई' म्हणून ती अडली आणि हसत सुटली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी कधीतरी तोंडातून 'इंद्रजीत' निघालं, तेव्हा म्हणे बकऱ्यांनी चरणं थांबवून माना वर केल्या. "पब्लिक खूश हाय," तिनं मला येऊन सांगितलं.

मग मी थोडं थोडं वाढवत गेले. बाजारात भाव तोंडानं सांगायचा. किराणा दुकानात बोटानं न दाखवता वस्तू मागायची. काळीपिवळी जीपमधून उतरताना शेजारणीला कोपर न मारता स्वतः 'थांबवा' म्हणायचं. पुष्पाच्या गुरुजींना भेटून मुलगी कशी शिकते ते विचारायचं. यातली प्रत्येक गोष्ट तिला डोंगराएवढी वाटायची. गुरुजींकडून आली त्या दिवशी ती पायरीवर बसली नाही, खुर्चीवर बसली. मी ते पाहिलं. पुष्पा आईची नक्कल करायची: मान वर, छाती पुढं, समोर जणू सगळा जिल्हा बसलेला. आई तिच्या पाठीत धपाटा घालायची आणि दोघी हसायच्या. उन्हाळा लागला तोवर बाजारात लालीबाईची हाक दोन ओळी पलीकडं ऐकू जाऊ लागली होती.

सभेत काय बोलायचं ते तिनं स्वतःच जुळवलं. मी एक शब्द घातला नाही.

आता खेमसिंगांबद्दल सांगायला हवं. ते इंद्रजीतचे थोरले भाऊ आणि तांड्याचे नायक. भांडणं मिटवायची, लग्नं ठरवायची, कुणाला कुठं बसवायचं ते सांगायचं, हे सारं त्यांच्याकडं. करारी माणूस, पण मनानं मऊ. त्यांच्यात धाकट्या भावाची बायको जेठापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, तोंड उघडत नाही, चेहरा दाखवत नाही. लालीबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्या कानावर तिचा एक शब्द गेला नव्हता. ते अंगणात यायच्या आधी लांबूनच खाकरायचे, म्हणजे तिला सावरायला वेळ मिळे. यात जाच नव्हता. एकमेकांचा मान ठेवायची ती रीत होती, आणि दोघंही ती मनापासून पाळत.

खेमसिंग ग्रामसभेला कधीच जात नसत. तांड्याचं तांड्यात, गावाचं गावात, असा त्यांचा हिशेब. पण इंद्रजीतचा ऊर भरून आला होता. आपली बायको साहेबांपुढं बोलणार आणि घरचं वडील माणूस तिथं नसणार, हे त्याला कसंसंच वाटलं. आदल्या दिवशी तो भावाकडं गेला आणि तुम्ही आलंच पाहिजे म्हणून गळ घातली. खेमसिंगांनाही आनंद झाला. त्यांनी पेटीतला लाल फेटा काढला. दोघांतल्या कुणाच्याही मनात पुढचं आलं नाही.

सभा शाळेच्या पटांगणात, कडुनिंबाखाली होती. मीही बायांच्या सतरंजीवर जाऊन बसले. ऊसतोडीचे लोक परतले होते, त्यामुळं तांडा झाडून आला होता. नायक आले म्हटल्यावर सरपंचांनी त्यांना मानानं पहिल्या ओळीत खुर्ची दिली, साहेबांच्या टेबलासमोर. लालीबाईला बोलायला उभं राहायचं होतं ती जागा त्या खुर्चीपासून चार हातांवर होती.

नाव पुकारलं. ती उठली, मान वर केली. आणि तिला फेटा दिसला.

पदर कपाळावरून नाकावर आला, नाकावरून हनुवटीवर. रंगमंचावर वाक्य विसरलेले पुष्कळ नट मी पाहिले आहेत. हे तसं नव्हतं. वाक्य तिच्या ओठांवर होतं. पुष्पा तिचा हात ओढत होती. साहेब भला माणूस होता, त्यानं दोनदा विचारलं, ताई, बसची मागणी तुमचीच ना? वारा पडला होता. कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं.

खेमसिंगांच्या लक्षात आलं. आपण आहोत म्हणून ही गप्प आहे हे त्यांनी ओळखलं, आणि तिची वाट मोकळी करावी म्हणून ते काठी टेकत उठले आणि फाटकाकडं चालू लागले. इतक्या मोकळ्या मनानं उचललेलं पाऊल मी क्वचितच पाहिलं असेल. पण नायक उठला की तांडा उठतो. कारण विचारायची रीत नाही. आधी म्हातारे उठले, मग तरुण, मग बाया. लालीबाईलाही दोघीतिघींनी मधे घेऊन नेलं. फाटकापाशी खेमसिंगांनी वळून पाहिलं, तेव्हा सारा तांडा त्यांच्या मागं उभा होता आणि सतरंजीवर मी एकटी.

साहेबांना वाटलं तांड्यानं बहिष्कार टाकला. मी उठून सांगायला गेले, तोवर दुसऱ्या वस्तीतल्या बाया उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मागणी केली. त्यांच्याही पोरी होत्याच. फेरी त्यांच्याकडं गेली. इंद्रजीत दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरही डेपोत खेटे घालून आला, पण ठरलं ते ठरलं.

त्या संध्याकाळी मी तांड्यातच थांबले. चूल पेटली नव्हती. पुष्पा ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. एवढ्यात लांबून खाकरल्याचा आवाज आला. लालीबाई आत झाली. खेमसिंग अंगणात आले. कुणाशी न बोलता त्यांनी तिथली बाज उचलून फिरवली आणि घराकडं पाठ करून, टेकडीकडं तोंड करून बसले.

"बोल बेटा," ते म्हणाले. "मी तिकडं पाहून राह्यलो."

मग दारातून आवाज आला. बकऱ्यांनी रोज ऐकला असेल तोच.

"साहेब, मी लालीबाई इंद्रजीत आडे. आमच्या पोरी सातवीच्या पुढं काहून जात नाईत, ते कोनी इचारत नाई. पोरी हुशार हायेत. फाटा दूर हाय. तुमची गाडी नाल्याच्या तिकडं वळते, ते जराशी वर येऊन वळली तं तुमचं थोडं डिझेल जाईन. नाई आली तं माही पोरगी ऊस तोडाले जाईन. मले ते नाई पाह्यजे."

शेजारच्या झोपड्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. खेमसिंगांनी मान वळवली नाही. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मी तिथं खुर्ची फिरवून बसलो असतो तं," ते म्हणाले.

आयुष्यभर पाठ न दाखवण्याचे धडे गिरवलेली मी, मलाही ते सुचलं नव्हतं.

दिवाळीनंतर पुष्पा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. दोन हंगाम गेली, आणि मग उमरखेडकडच्या एका तांड्यात तिचं लग्न झालं. निघताना तिनं रीतीप्रमाणं एकेकाच्या गळ्यात पडून रडगाणं म्हटलं. आवाज आईचा होता. शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

लालीबाईनं रोजचं वाक्य सोडलं नाही. पुढच्या प्रत्येक ग्रामसभेत ती बोलली. खेमसिंगही प्रत्येक वेळी आले आणि खुर्ची उलटी करून, साहेबांना पाठ दाखवून बसले. गावातली पोरं त्यांना हसायची, नायक रुसले का म्हणून विचारायची. ते काठीवर हनुवटी टेकून फाटकाकडं पाहत ऐकत राहायचे. काही वर्षांनी बस तांड्यापर्यंत आली. आता सकाळी ती पोरींनी भरून जाते. पहिल्या दिवशी नारळ लालीबाईनं फोडावा असं सगळ्यांनी म्हटलं. तिनं तो खेमसिंगांकडं पाठवला.

गेल्या पोळ्याला पुष्पा माहेरी आली, त्याच बसनं. कडेवर पोर होतं. आई घ्यायला उभी होती. त्या वेळचं लालीबाईनं मला बाजारात सांगितलं. वांगी पुसून मांडत होती, माझ्याकडं न पाहता बोलत होती.

"उतरली आन् मले हासून म्हणते कशी, याडी, तुही बस लेट आली." याडी म्हणजे आई. "मजाक केली तिनं. मजाकच केली. पण बाई, मी रोज येवढी बोलते, मले तिथं काही बोलता आलं नाई. काय बोलाले पाह्यजे होतं मी?"

मी जन्मभर रंगमंचावर उत्तरं दिली. रडत दिली, हसत दिली, समोरच्या नटानं चुकीचं वाक्य टाकलं तरी दिली. त्या वेळी मात्र मी टोपलीशी वाकले आणि वांगी निवडू लागले. चांगलीच होती सगळी, तरी बराच वेळ निवडत राहिले.