समोरचा काठ

“ही नदी नाही, समुद्र आहे,” डॉक्टर हेसा म्हणाल्या आणि माझं दुसरं स्केचही परत केलं.

जाब्रियातल्या त्यांच्या क्लिनिकमध्ये डायलिसिसची खोली आहे. पेशंट तिथे चार-चार तास पडून असतात. त्यांच्या समोरच्या भिंतीवर डॉक्टरांना पावसाळ्यानंतरची शांत नदी हवी होती, हाताने रंगवलेली. मी कुवेतमधल्या एका इंटिरियर कंपनीत आर्टिस्ट आहे. आधी आम्ही चौघे होतो. डिजिटल प्रिंट स्वस्त पडायला लागलं आणि मी एकटा उरलो.

गाडीत बसताच आमचे मॅनेजर थॉमस सर म्हणाले, “युसुफ, संडे तक फायनल दो. नहीं तो प्रिंट लगा देंगे.”

एकदा प्रिंट लागलं की माझी गरज संपली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

शुक्रवारी सुट्टी. अब्बासिया भागातल्या आमच्या खोलीत बाकीचे झोपलेले असतानाच निघालो आणि दस्मानच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसलो. ऑक्टोबर सरत आला होता. बाहेर बसवेल अशी हवा होती. थंबनेल काढायला घेतली. थंबनेल म्हणजे काडेपेटीएवढं कच्चं चित्र. उजेड कुठे, सावली कुठे, एवढंच त्यात ठरवायचं. पाच काढली. पाचही समुद्रच. मी वाढलो कोकणात, सावित्री नदीच्या काठावर, पण अठरा वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच पाणी काढतोय. नदी हातात येईना.

शेवटी गावी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ईदशिवाय माझा फोन नसतो. ती घाबरली.

“बरा आहेस ना रे?”

“बरा आहे, आपा. जरा नदीवर जाऊन मला पाणी दाखवतेस?”

“आत्ता? अरे, भात झोडायचं पडलंय.”

“कामाचं आहे गं.”

ती निघाली. स्क्रीनवर वाळलेलं गवत, तिच्या चपला, मग पाणी. गढूळपणा गेला होता. आणि समोर, झाडं मोजता येतील इतक्या जवळ, दुसरा काठ. माझी चूक तिथे होती. मी आधी क्षितिजाची आडवी रेघ मारत होतो. नदी काढताना आधी समोरचा काठ काढायचा. मग पाणी दोन काठांमध्ये आपसूक बसतं.

“हलू नकोस, आपा.”

“हात भरून आला रे.” मग ती म्हणाली, “काल अम्मीच्या कबरीवरचं गवत काढलं. तू कधी येतोस?”

“फोन जरा डावीकडे कर.”

तिने केला. पुन्हा विचारलं नाही. वीसेक मिनिटांनी नेटवर्क गेलं. चित्राचा उजवा कोपरा कोरा राहिला होता, तरी मी पुन्हा कॉल लावला नाही.

रविवारी डॉक्टर हेसांनी स्केच बराच वेळ पाहिलं.

“तुमचं गाव?”

“हो.”

“उजवीकडे काहीच नाही?”

“कॉल कट झाला,” मी खरं ते सांगून टाकलं.

“राहू द्या तसंच,” म्हणत त्यांनी सही केली. आठ दिवसांत भिंत पूर्ण झाली. नोकरीही तूर्त टिकली.

स्केच जागेवर बसूनच करावं. ते जमत नसेल तर तिथल्या माणसाला विचारावं, आणि त्याने काही विचारलं तर उत्तर द्यावं. यातलं शेवटचं मला अजून जमलेलं नाही.